मक्याच्या स्टार्चपासून अन्नवेष्टनाची विघटनशील फिल्म: नाशिकमधील नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

बेदाणे, चिक्की, मसाले किंवा फळांच्या पोळ्या विकणाऱ्या छोट्या उत्पादकांना, बचत गटांना आणि महाविद्यालयात प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना प्लॅस्टिकऐवजी वनस्पतिजन्य फिल्म वापरून पाहावी असे वाटते. मात्र त्यासंबंधी मिळणारी माहिती बहुधा दोन टोकांची असते. एका टोकाला चमचा-वाटीच्या मापात सांगितलेली घरगुती कृती असते, जिच्यातून तयार झालेला तुकडा आठवड्याभरात काचेसारखा तडकतो, आणि दुसऱ्या टोकाला शोधनिबंधांची भाषा असते, जिच्यात पातेल्यात नेमके काय घडते आहे हे कोणी सांगत नाही. या दोहोंच्या मधली वाट दाखवावी, म्हणून हा लेख लिहिला आहे. यात मक्याच्या स्टार्चची ओतीव फिल्म घरगुती प्रयोगशाळेच्या पातळीवर कशी करावी, ती कशी तपासावी आणि विक्रीचा विचार करण्यापूर्वी कोणत्या कायदेशीर बाबी समजून घ्याव्यात, हे क्रमाने सांगितले आहे.

१. आधी पदार्थ ठरवा, मग फिल्म

बहुतेक जण फिल्म करायला घेतात आणि ती तयार झाल्यावर तिच्यात काय भरायचे याचा विचार करू लागतात. हा क्रम उलटा आहे. स्टार्चच्या फिल्मचे गुणदोष ठरलेले असतात आणि ते पदार्थाशी जुळले नाहीत, तर कितीही सुबक फिल्म केली तरी ती वाया जाते.

ही फिल्म तेल चांगले अडवते. हवा कोरडी असेल तर ऑक्सिजनही बऱ्यापैकी अडवते. मात्र पाण्याची वाफ तिच्यातून सहज आरपार जाते आणि पाण्याचा थेंब पडला तर ती तिथे फुगते. नाशिकच्या चिवड्याचे उदाहरण घेतल्यास ही गोष्ट नीट समजेल. चिवड्याचे तेल या फिल्ममधून बाहेर येणार नाही, पण हवेतला ओलावा आत जाऊन चिवडा थोड्याच दिवसांत सादळेल. ताजी द्राक्षे तर या फिल्ममध्ये मुळीच ठेवू नयेत, कारण शीतगृहातून बाहेर काढताच फळांवर दव धरते आणि फिल्म चिकट होऊन घडाला बसते. सुकवलेल्या कांद्याचे काप वरून कोरडे वाटतात, परंतु ते हवेतला ओलावा ओढून घेतात. त्यामुळे केवळ या फिल्मच्या भरवशावर त्यांना सोडता येत नाही.

मग हिचा उपयोग कशाला? बेदाणे हे सुरुवातीसाठी उत्तम उदाहरण आहे, कारण त्यांच्यात स्वतःचा थोडा ओलावा असतो आणि ते फार कोरडेही नसतात, फार ओलेही नसतात. चिक्कीच्या एकेका वडीचे वेष्टन, आंब्याच्या किंवा फणसाच्या पोळीच्या थरांमधले कागद, हवाबंद डब्यात ठेवायच्या मसाल्याच्या एक-वेळच्या पुड्या, हे सर्व उपयोग या फिल्मला मानवतात. बाहेर एक हवाबंद डबा किंवा बरणी आणि आत ही फिल्म, अशी जोडी मनात धरून काम सुरू केल्यास निराशा टळते.

२. लागणारे साहित्य

मक्याचा स्टार्च: किराणा दुकानात ‘कॉर्नफ्लोअर’ या नावाने मिळणारी पांढरीशुभ्र, बोटांत दाबली असता करकरणारी पूड म्हणजे स्टार्च. पिवळसर ‘मक्याचे पीठ’ वेगळे असते. त्यात दाण्याची प्रथिने, तेल आणि कोंडा असल्याने त्याची फिल्म खरबरीत आणि कमकुवत होते. कस्टर्ड पावडर घेऊ नये, कारण तिच्यात रंग आणि वास मिसळलेला असतो. येवला, लासलगाव, मालेगाव या भागात मका भरपूर पिकतो, पण घरी मका भिजवून स्टार्च काढण्याचा उद्योग सुरुवातीला करू नये. शुद्धतेत फरक पडला की फिल्म बिघडण्याचे कारण शोधणे अवघड होते.

ग्लिसरीन: हे फिल्मला लवचीकपणा देते. औषधाच्या दर्जाचे किंवा खाद्य दर्जाचे ग्लिसरीन घ्यावे आणि बाटलीवर तो दर्जा स्पष्ट छापलेला असावा. सुटे, औद्योगिक ग्लिसरीन स्वस्त पडते, पण त्यात डायएथिलीन ग्लायकॉलसारख्या विषारी द्रव्याची भेसळ असू शकते. अन्नाला स्पर्श करणाऱ्या वस्तूत ते वापरणे सर्वस्वी अयोग्य आहे.

पाणी: बोअरचे जड पाणी टाळावे. गाळलेले आरओचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी वापरावे.

उपकरणांमध्ये ०.१ ग्रॅमपर्यंत, शक्य असल्यास ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर, एकात एक बसणारी दोन स्टीलची पातेली, सिलिकॉनचा उलथना, मलमलचे कापड, पाणसळ, जाडी मोजण्यासाठी स्क्रू गेज आणि खोलीतील आर्द्रता दाखवणारे साधे यंत्र एवढे पुरते. ओतण्यासाठी कडा उचललेला २० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा ॲक्रिलिकचा किंवा टेफ्लॉनचा लेप असलेला ट्रे घ्यावा. साध्या स्टीलवर फिल्म अनेकदा धरून बसते आणि सोलताना फाटते.

यातील काटा आणि आर्द्रतामापक यांवर पैसे वाचवू नयेत, असे माझे मत आहे. बाकी सर्व वस्तूंना पर्याय निघतो.

३. माप

एका ट्रेसाठी ५ ग्रॅम स्टार्च, १.५ ग्रॅम ग्लिसरीन आणि १०० मिलिलीटर पाणी घ्यावे. ग्लिसरीनचे हे प्रमाण स्टार्चच्या वजनाच्या ३० टक्के होते. ते २० टक्क्यांच्या खाली गेले की फिल्म कडक होऊन दुमडताना तुटते आणि ४० टक्क्यांच्या वर गेले की ती चिकट होते, पावसाळ्यात तर एकमेकांवर ठेवलेल्या फिल्म सुट्याच होत नाहीत. ग्लिसरीन चमच्याने मोजू नये. ते पाण्यापेक्षा सुमारे सव्वापट जड असते आणि चमच्याला चिकटून राहते, म्हणून काट्यावर पातेले ठेवून थेट त्यात वजनानेच घालावे.

घरगुती कृतींमध्ये हमखास व्हिनेगर घालायला सांगितलेले असते. आम्लामुळे स्टार्चच्या साखळ्या तुटतात. प्रमाण जास्त झाले की फिल्म दुबळी होते आणि आंबूस वास अन्नाला लागतो. अन्नवेष्टनाच्या फिल्ममध्ये व्हिनेगर वगळावे.

४. खळ शिजवणे

सर्व कामात हा टप्पा सर्वांत मोलाचा आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

स्टार्च थंड पाण्यातच कालवावा. गरम पाण्यात घातल्यास वरचे कण लगेच फुगतात, आतले कोरडे राहतात आणि त्या गुठळ्या नंतर कशानेही फुटत नाहीत. स्टार्च पूर्ण कालवल्यावर ग्लिसरीन घालावे आणि पातेल्यासह एकूण वजन वहीत नोंदवून ठेवावे. या नोंदीचा उपयोग पुढे होणार आहे.

मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात हे पातेले बसवावे. थेट आचेवर ठेवल्यास तळाशी खळ लागते आणि करपटलेले तपकिरी कण फिल्मभर पसरतात. रवीने घुसळू नये, कारण त्यामुळे हवा मिसळते. उलथन्याने तळ खरवडत सावकाश, न थांबता ढवळत राहावे. सुरुवातीला पातेल्यात नुसते दुधासारखे पाणी दिसते. तापमान ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान गेले की मक्याच्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगू लागतात आणि हाताला एकाएकी जडपणा जाणवतो. कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवताना पांढरा रंग जाऊन त्याला जशी काचेसारखी झाक येते, तशीच झाक इथेही येते.

नेमक्या याच क्षणी बहुतेक जण पातेले उतरवतात, आणि पुढे फिल्म कमजोर का झाली हे त्यांना कळत नाही. खळ दाट झाली म्हणजे शिजली असे नव्हे. कण फुगलेले असतात, पण फुटलेले नसतात. फिल्मला बळकटी देणारा भाग म्हणजे ॲमिलोज ही सरळ, लांब साखळी होय. मक्याच्या स्टार्चमध्ये ती साधारण पाव हिस्सा असते. ती कणांतून पूर्णपणे बाहेर येऊन पाण्यात पसरण्यासाठी खळ ८५ ते ९० अंशांवर आणखी २० मिनिटे ठेवावी लागते. या वेळात खळ आधीपेक्षा किंचित पातळ आणि अधिक पारदर्शक होते. उलथना उचलल्यावर ती तुटक न पडता सलग धारेने पडू लागली की ती तयार झाली असे समजावे.

आता पातेले पुसून पुन्हा वजन करावे. जेवढे वजन घटले असेल तेवढे पाणी वाफ होऊन गेलेले असते. तेवढेच गरम पाणी घालून मिसळावे. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, परंतु आजची खळ आणि उद्याची खळ सारखी यावी यासाठी याच्याइतका सोपा उपाय दुसरा नाही.

५. गाळणे, हवा काढणे आणि ओतणे

गरम खळ मलमलच्या ओल्या कापडातून गाळून घ्यावी आणि झाकण ठेवून १० मिनिटे स्थिर ठेवावी. बुडबुडे वर येतात, ते चमच्याने बाजूला काढावेत. फिल्ममध्ये राहिलेला प्रत्येक बुडबुडा वाळल्यावर एक छिद्र किंवा पातळ डाग होतो आणि फिल्म तिथूनच फाटते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत निर्वात पंप असेल, तर त्याचा वापर करावा.

खळ ६० ते ६५ अंशांपर्यंत निवली की ट्रेमध्ये ओतावी. याहून गरम असेल तर ॲक्रिलिकचा ट्रे वाकतो आणि याहून थंड झाली तर खळ गोठू लागते व सपाट पसरत नाही. ओतण्यापूर्वी ट्रेच्या दोन्ही दिशांना पाणसळ ठेवून तो समतल आहे याची खात्री करावी, गरज पडल्यास खाली कागदाच्या घड्या सरकवाव्यात. वर दिलेल्या मापात संपूर्ण खळ २० बाय २० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये ओतल्यास वाळल्यावर जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रॉनच्या थोडी वर येते. निम्मी खळ ओतली तर जाडीही निम्मी होते. जाडी कमी-जास्त करायची असेल तेव्हा ओतण्याचे वजन बदलावे, खळीचे प्रमाण बदलू नये.

६. वाळवणे: इथे नाशिकचे हवामान लक्षात घ्यावे

फिल्म गच्चीवर उन्हात ठेवण्याचा मोह टाळावा. उन्हात वरचा थर आधी वाळून आवळतो, खालचा ओलाच राहतो, कडा वर उचलल्या जातात आणि मध्ये भेगा पडतात. शिवाय धूळ बसते. बंद खोलीत, पंख्याच्या थेट झोतापासून दूर, मलमलच्या कापडाने झाकून (कापड खळीला टेकू न देता) वाळवणे योग्य ठरते. खोलीच्या तापमानाला २४ ते ४८ तास लागतात. तापमान नियंत्रित करता येणारा ओव्हन असेल तर ४० ते ४५ अंशांवर काम लवकर होते. त्याहून अधिक तापमानाची घाई करू नये.

ऋतूंचा परिणाम मोठा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आपल्याकडे या कामासाठी सर्वांत चांगला, कारण हवा कोरडी असते आणि तापमान बेताचे असते. निफाडच्या बाजूला थंडी कडाक्याची पडते, तिथे रात्री ट्रे उबदार खोलीत हलवावा, एवढीच काळजी घ्यावी लागते. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की फिल्म ठरल्या वेळेपूर्वीच वाळून ठिसूळ होते. अशा वेळी खोलीत पाण्याने भरलेले पसरट भांडे ठेवावे. जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबकेश्वर पट्ट्यात, ओव्हनशिवाय हे काम करूच नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. खळ दोन-तीन दिवस ओली राहिली की तिच्यावर बुरशी येते, आणि बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तो संपूर्ण ट्रे टाकून द्यावा. ठिपका कापून बाकीची फिल्म वापरणे अन्नाच्या बाबतीत क्षम्य नाही.

७. सोलणे आणि मुरवणे

कडा आपोआप किंचित सुटू लागल्या, मध्यभागी बोट टेकवले असता गार लागेनासे झाले आणि तरीही फिल्म बोटाखाली मऊ वाटत असली की सोलण्याची वेळ झाली. एका कोपऱ्यातून सुरुवात करून ट्रेला जवळजवळ समांतर, सावकाश ओढावे. सरळ वर ओढल्यास ती ताणली जाते. जास्त वाट पाहिल्यास ती ट्रेवरच तडकते.

सोललेली फिल्म लगेच तपासू नये. तिच्यातला ओलावा आजूबाजूच्या हवेशी जुळायला वेळ लागतो. प्रयोगशाळेत यासाठी एका हवाबंद पेटीत मॅग्नेशियम नायट्रेटचे संपृक्त द्रावण ठेवतात, ज्यामुळे पेटीतली आर्द्रता २५ अंशांना सुमारे ५३ टक्क्यांवर स्थिर राहते. फिल्म त्या पेटीत जाळीवर दोन दिवस ठेवावी. त्यानंतर दोन फिल्मच्या मध्ये बटर पेपर घालून, सपाट ठेवून साठवावी.

८. घरच्या घरी करता येणाऱ्या चाचण्या

जाडी: चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी स्क्रू गेजने मोजावी. फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर ट्रे समतल नव्हता असे समजावे.

घडी: फिल्म पूर्ण दुमडून घडीवर नख फिरवावे आणि उलगडावी. पांढरी रेघ उमटली तर ग्लिसरीन कमी आहे किंवा फिल्म जास्त वाळली आहे. ही चाचणी त्याच फिल्मच्या तुकड्यांवर दर आठवड्याला करावी. स्टार्चच्या साखळ्या कालांतराने पुन्हा एकमेकींजवळ येऊन घट्ट रचना करतात आणि पहिल्या आठवड्यात मऊ असलेली फिल्म महिन्याभरात कडक होऊ शकते. ताज्या फिल्मवरून कोणतेही अनुमान काढू नये.

वाफ: छोट्या काचेच्या बाटलीत पूर्ण वाळवलेले सिलिका जेल भरावे, तोंडावर फिल्म ताणून कडा मेणाने बंद करावी आणि रोज ठरावीक वेळी वजन करावे. वजन जितके वाढेल तितकी वाफ आत गेली. शेजारी तशाच बाटलीवर साधी प्लॅस्टिक पिशवी लावून तुलना केली म्हणजे ही फिल्म ओलावा किती सोडते हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. कोणत्याही ग्राहकाशी बोलण्यापूर्वी हा आकडा आपल्याजवळ असलाच पाहिजे.

पावसाळा: हवाबंद डब्यात वाटीभर मीठ पाण्याने ओले करून ठेवले तर, मीठ पूर्ण विरघळलेले नसेपर्यंत, डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. बेदाणे गुंडाळलेली फिल्म त्यात आठवडाभर ठेवून पाहावी. ती चिकट झाली, पदार्थाला बसली किंवा तिला वास आला, तर पावसाळ्यात बाजारातही तेच होईल.

माती: पाच सेंटिमीटरचे चौकोन कापून, वजन करून, जाळीच्या पिशवीत घालून कुंडीतल्या ओलसर मातीत १० सेंटिमीटर खोल पुरावेत आणि दर आठवड्याला पाहावेत. स्टार्चची शुद्ध फिल्म काही आठवड्यांत विरू लागते. ही चाचणी समाधान देणारी असली तरी तिच्या जोरावर वेष्टनावर ‘कंपोस्टेबल’ असे छापता येत नाही, याचे कारण पुढे येईल.

पुडी बंद करण्यासाठी कडेला ब्रशने अगदी थोडे पाणी लावून दोन थर दाबून धरले तरी ते जुळतात. उष्णतेने जोडणारे छोटे सीलर वापरायचे असल्यास तापमान कमीपासून वाढवत जावे, कारण ओलावा जास्त असलेली फिल्म जोडावर फुगते.

९. सुधारणा, पण एका वेळी एकच

मूळ फिल्म सलग काही वेळा सारखी येऊ लागल्यावरच पुढे जावे. एकाच वेळी मेण, अर्क आणि नवे ग्लिसरीन असे तीन बदल केले, तर कशाचा परिणाम झाला हे कळत नाही.

ओलाव्याला अधिक टिकणारी फिल्म हवी असल्यास तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट हा चांगला मार्ग आहे. १०० मिलिलीटर पाण्यात १.५ ते २ ग्रॅम अल्जिनेट थोडे थोडे भुरभुरत विरघळवावे, त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे ग्लिसरीन घालावे, बुडबुडे जाण्यासाठी रात्रभर ठेवावे, ओतावे आणि वाळवावे. वाळलेली फिल्म खाद्य दर्जाच्या कॅल्शियम क्लोराइडच्या २ टक्के द्रावणात एक-दोन मिनिटे बुडवून, धुऊन, ताणून पुन्हा वाळवावी. कॅल्शियममुळे साखळ्या एकमेकींना जखडल्या जातात आणि ती पाण्यात विरघळत नाही. खर्च मात्र स्टार्चपेक्षा बराच वाढतो.

मधमाशांचे मेण खळीत नुसते वितळवून घातले तर ते वर तरंगते. ते एकजीव करण्यासाठी पायसीकारक (मेण आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे) द्रव्य आणि वेगवान मिश्रणयंत्र लागते. ते नसेल, तर वाळलेल्या फिल्मच्या बाहेरच्या बाजूला वितळलेल्या मेणाचा पातळ हात ब्रशने फिरवावा.

आपल्या जिल्ह्यासाठी विशेष आशादायक वाटणारी गोष्ट म्हणजे द्राक्षाचा चोथा. दिंडोरी, निफाड आणि गंगापूर परिसरातल्या वाइनरींमध्ये जानेवारी ते मार्च या हंगामात रस काढून झाल्यावर साली आणि बियांचा चोथा मोठ्या प्रमाणात उरतो. त्यात पॉलिफेनॉल, म्हणजे तेलाचे ऑक्सिडीकरण मंदावणारी वनस्पतिजन्य द्रव्ये, भरपूर असतात. त्यांचा अर्क खळीत मिसळल्यास तेलकट पदार्थ खवट होण्याचा वेग कमी होण्यास मदत होते. लाल द्राक्षांच्या सालीतला रंग आम्लात लाल आणि अल्कलीत निळसर-हिरवट होतो, म्हणून मासे किंवा मांस खराब होत असल्याची खूण देणाऱ्या फिल्मसाठीही तो अभ्यासला जातो. परंतु दोन सावधगिऱ्या अत्यावश्यक आहेत. चोथा काही तासांत आंबू लागतो, म्हणून तो आणल्याच दिवशी पातळ पसरून ड्रायरमध्ये वाळवावा. दुसरे म्हणजे द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रणासारखी तांबेयुक्त आणि इतरही बुरशीनाशके फवारलेली असतात आणि त्यांचे अंश सालीवर राहू शकतात. अवशेषांची चाचणी केल्याशिवाय हा अर्क अन्नाला लागणाऱ्या फिल्ममध्ये वापरू नये. पुण्याजवळ मांजरी येथे असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेचे याच विषयात काम आहे, तिथे विचारणा करावी.

लासलगावच्या बाजूला सहज मिळणाऱ्या कांद्याच्या सुक्या सालींतही क्वेर्सेटिन हे उपयोगी द्रव्य असते, पण त्यांच्यावर काळ्या बुरशीचे डाग वारंवार आढळतात. डाग असलेली एकही साल घेऊ नये.

१०. विक्रीपूर्वी: नियम आणि चाचण्या

या टप्प्यावर उत्साहाच्या भरात बरेच जण ‘१०० टक्के जैवविघटनशील’ असा शिक्का छापून मोकळे होतात. तसे करू नये.

प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनुसार कंपोस्टेबल प्लॅस्टिकच्या वस्तू बाजारात आणण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू आहे. या मानकातील चाचणीत सुमारे ५८ अंश तापमानाच्या नियंत्रित कंपोस्टमध्ये १८० दिवसांच्या आत ९० टक्के सेंद्रिय कार्बनचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये व्हावे लागते, आणि १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक तुकडे उरता कामा नयेत. कुंडीतली चाचणी याची जागा का घेऊ शकत नाही, हे यावरून लक्षात येईल. आपल्याला सर्वांत जवळची मोठी चाचणी संस्था म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील सिपेट, म्हणजे केंद्र सरकारची पेट्रोरसायन अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था. नमुने पाठवण्यापूर्वी कोणती चाचणी, किती नमुना आणि किती शुल्क हे लेखी मागवून घ्यावे. आपले उत्पादन नियमातील कोणत्या व्याख्येत बसते, हेही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सातपूर येथील उद्योग भवनातल्या कार्यालयात लेखी अर्जाने विचारून घ्यावे. महाराष्ट्राची स्वतःची मार्च २०१८ ची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचनाही वाचून ठेवावी.

अन्नाच्या संपर्काचा भाग एफएसएसएआयच्या (भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या) २०१८ च्या पॅकेजिंग नियमांखाली येतो. प्लॅस्टिक वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांची एकूण मर्यादा तिथे प्रतिकिलो ६० मिलिग्रॅम किंवा प्रतिचौरस डेसिमीटर १० मिलिग्रॅम अशी दिलेली आहे आणि चाचणीची पद्धत आयएस ९८४५ मध्ये आहे. स्टार्चची साधी फिल्म पाण्यातच फुगते आणि अंशतः विरघळते, त्यामुळे पाण्याच्या चाचणीत ती टिकण्याची अपेक्षा ठेवू नये. पहिल्या मुद्द्यात ओल्या पदार्थांसाठी ही फिल्म टाळायला सांगितले, त्यामागे हेही एक कारण आहे. छपाई करायची असल्यास शाई आयएस १५४९५ प्रमाणे असावी आणि अन्नाच्या बाजूला कधीही छपाई करू नये.

एक सापळा विशेष लक्षात ठेवावा. बाजारात स्टार्च मिसळलेले पॉलिथिन ‘बायो’ या नावाने मिळते. त्यातला स्टार्च कुजतो, पॉलिथिनचे बारीक तुकडे मात्र मातीत राहतात. तसेच आपल्या फिल्मला ओलावा अडवण्यासाठी प्लॅस्टिकचा थर चिकटवला, तर ती विघटनशील राहत नाही. कंपोस्टेबल पिशव्यांचे तयार दाणे विकणाऱ्यांकडे पीएलए आणि पीबीएटी या विघटनशील प्लॅस्टिकची मिश्रणे असतात. ती यंत्राने फुगवून पिशव्या करण्यासाठी योग्य असली, तरी तो वेगळा व्यवसाय आहे. पीएलए घरच्या कंपोस्टच्या तापमानाला फार सावकाश विघटित होते, हे ग्राहकाला सांगायला हवे.

११. कागदपत्रे आणि पुढची वाट

छोटा उद्योग सुरू करायचा असल्यास आधार, पॅन, जागेच्या मालकीचा किंवा भाडेकराराचा पुरावा, उद्यम नोंदणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची उद्योग उभारणीची व चालवण्याची संमती, कच्च्या मालाच्या प्रत्येक खेपेचे पुरवठादाराकडून घेतलेले विश्लेषण प्रमाणपत्र आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे अहवाल एवढी कागदपत्रे एका फायलीत असावीत. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनांची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करता येते, पण प्रकल्प अहवालात उत्पादनाचा आकडा लिहिताना वाळवण्याची जागा आणि वेळ प्रामाणिकपणे धरावी. एक चौरस मीटर फिल्मसाठी वर दिलेल्या मापाने पंचवीस ट्रे लागतात आणि सुमारे अडीच लिटर पाणी हवेत घालवावे लागते. वाळवण्याचा विजेचा खर्च बहुधा स्टार्चच्या खर्चाहून जास्त येतो. ज्यांना रोज शेकडो चौरस मीटर फिल्म हवी आहे, त्यांनी पट्ट्यावर सलग खळ पसरून वाळवणाऱ्या यंत्राची किंमत आधी काढावी.

प्रत्येक घाण्याची (एका वेळी केलेल्या खेपेची) नोंद ठेवण्यासाठी वहीत पुढील रकाने आखून घ्यावेत: तारीख, स्टार्च आणि ग्लिसरीनचे वजन व खेप क्रमांक, खळीचे सर्वोच्च तापमान आणि त्यावर ठेवलेला वेळ, भरून काढलेले पाणी, ओतलेले वजन, खोलीचे तापमान व आर्द्रता, सोलण्याची वेळ, पाच ठिकाणची जाडी, आणि पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या आठवड्यातील घडीचा निकाल. प्रत्येक घाण्यातला तळहाताएवढा एक तुकडा त्याच क्रमांकाच्या पाकिटात घालून किमान सहा महिने जपून ठेवावा. एखाद्या ग्राहकाची तक्रार आली, तर तीच खेप समोर ठेवून बोलता येते.